नव्या गुडघ्याचं निंदण

श्रावण लागायच्या आधी नऊ दिवस पावसाची झड लागली होती. झड उघडली तेव्हा बार्शीटाकळीच्या आसपासच्या वावरांत कपाशीच्या पऱ्हाटीपेक्षा गवतच उंच दिसत होतं. जमीन ओली, त्यामुळे बैलांचे डवरे चालत नव्हते. ज्यांनी औषध मारून पाहिलं त्यांचं गवत नुसतं पिवळं पडून उभं होतं. हातानं निंदण केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि निंदणाला बाया पाहिजेत. सकाळी साडेसहापासून गावात फोन वाजायला लागले.

भागीरथाचा फोन वाजला नाही.

वीस-बावीस वर्षं बौद्धपुऱ्यातल्या निंदणाच्या बाया तीच गोळा करायची. कोणाच्या वावरात किती बाया, ऑटो किती वाजता, हे सगळं तिच्या तोंडी. वावरमालक खुशालराव तर तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला फोनच करायचे नाहीत. आज त्यांचा फोन शेजारच्या जाईबाईला आला. दोन्ही घरांची भिंत एक, आणि जाईबाई फोनवर बोलायची ते दूरच्या माणसाला हाक मारल्यासारखं. भागीरथाला सगळं ऐकू आलं. तिनं चूल विझवली, भाकरीत ठेचा घालून फडक्यात बांधली, आड्याला खोचलेलं खुरपं काढलं.

नवरा देवमन अंगणात बकऱ्यांना पाणी दाखवत होता.

"कोठी निघाली?"

"निंदाले."

"डॉक्टरनं काय सांगलं होतं?"

"चाला म्हने."

"चाला म्हने. निंदा नाही म्हने."

"तुमच्या बकऱ्या पाह्य जा," ती म्हणाली आणि विहाराच्या वळणावर जाऊन उभी राहिली.

ऑटोत अकरा बाया होत्या. भागीरथाला पाहून त्यांचं बोलणं थांबलं. तिनं दांड्याला धरून आधी उजवा पाय वर टाकला आणि सरळ चढली. सगळ्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. लुगड्याआडून दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी पाहिलं. अख्ख्या गावात गुडघा बदललेली ती पहिलीच बाई. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकीचे गुडघे कुरकुरत होते, आणि भागीरथाचं कसं काय होते ते पाहून मग ठरवू, असं दोघीतिघींनी मनात धरून ठेवलं होतं.

"तू कावून वं?" जाईबाईनं विचारलं.

"कावून म्हंजे? मी काय आज पयल्यांदा निंदून राह्यली?"

जाईबाई सरकून बसली, तिला जागा दिली.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं होतं, अमरावतीला. लेक प्रियदर्शनी तिथं एका कार्यालयात कामाला. तिनं योजनेचं कार्ड काढलं, कागद केले, तारीख आणली. त्याआधीची तीन वर्षं भागीरथाला आठवायला नको वाटायची. वावरापर्यंत जायला चार ठिकाणी टेकायचं, रात्री कूस बदलायची तर देवमनला उठवायचं. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले होते, हाडावर हाड घासतं आहे, मधली गादीच राहिलेली नाही. आता उजव्या गुडघ्यात धातू होता आणि दुखणं गेलं होतं. खरोखरच गेलं होतं. देवमनला ती सांगायची, पाय माह्या अंगाले हाय का नाही ते हात लावून पाह्या लागते.

खुशालरावांच्या वावरात बायांनी पाती धरल्या. एकेक बाई एकेका तासाशी, पिकाच्या ओळीशी, उकिडवी बसली, डावा हात गवताच्या मुठीला, उजव्या हातात खुरपं. भागीरथानं पात धरली आणि खाली बसायला गेली. गुडघा वाकत गेला, वाकत गेला आणि एका जागी थांबला. आतून कोणी दार धरून ठेवावं तसा. दुखलं नाही. फक्त पुढं जाईना. तिनं थोडा जोर दिला, मग आजूबाजूला पाहून उभी राहिली.

मग ती कमरेतून ओणवी झाली. पाय ताठ, पाठ वाकलेली, हात जमिनीला. तसं निंदता येत होतं, पण खुरपं मुळाशी जाईना. गवताचा वरचा शेंडा हातात यायचा आणि मूळ मातीतच राहायचं. अर्ध्या तासात पाठीचा कणा तापून निघाला. घाम नाकावरून टपटप खाली पडत होता. बाया उकिडव्याच सरकत पुढं गेल्या, आणि ती एकटी, उभी असूनही सगळ्यांच्या मागं राहिली.

घाम पुसून तिनं मान वर केली तेव्हा तिच्या पातीत पुढची चार-पाच हात जागा साफ झालेली होती. शेजारच्या पातीतून जाईबाई दोन्ही तासांना हात घालत चालली होती.

"राहू दे वं, जाई."

"गप राह्य. तो पाहून राह्यला."

खुशालराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभे होते. माणूस वाईट नव्हता. भागीरथाच्या ऑपरेशनच्या वेळी अमरावतीला येऊन पाहून गेले होते. दुपारी बाया बाभळीखाली भाकरी सोडायला बसल्या. भागीरथा पाईपच्या बंडलावर टेकली, कारण खाली बसली असती तर उठता आलं नसतं. खुशालराव जवळ आले. आवाज त्यांनी हळू केला, पण बायांनी जेवणं थांबवून ऐकलंच.

"भागीरथाबाई, आज तुमी धुऱ्यावर बसून राहा. मजुरीचा रोज पुरा देतो. उद्यापासून मातर नोका येऊ. काही उलटंसुलटं झालं तं मी तुमच्या लेकीले काय सांगू?"

"बसल्याचा रोज नाही घेत मी, भाऊ."

"राग नोका येऊ देऊ."

"राग नाही आला," ती म्हणाली. उरलेली भाकर फडक्यात बांधली, खुरपं कमरेला खोचलं आणि गाडवाटेनं निघाली.

घर तीन किलोमीटर. चिखल घोट्यापर्यंत होता. अंगणात येऊन पायावर पाणी घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण वाटेत एकदाही थांबलो नाही. कुठं टेकलो नाही, कुठं दुखलं नाही. या गोष्टीचा तिला उलट रागच आला.

देवमन बकऱ्या घेऊन गेलेला. घरात कोणी नव्हतं. तिनं दार लोटून घेतलं, खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली बसायला लागली. गुडघा नेहमीच्या जागी थांबला. तिनं अंगाचं वजन सोडलं. आत कुठंतरी ताणलं गेलं, डोळ्यांपुढं काजवे आले, हात सुटले आणि ती जमिनीवर आली. उजवा पाय समोर सरळ, डावा दुमडून अंगाखाली.

थोडा वेळ ती तशीच बसली. मग उठायचं मनात आलं. गुडघा टेकून उठायची जन्माची सवय, पण त्या गुडघ्यावर वजन टाकायचं नाही हे दवाखान्यात दहादा सांगितलेलं. डाव्यावर टाकावं तर तो घासलेलाच. खाट जवळ होती, पण ओढली की खाटच सरकत यायची. दोनदा प्रयत्न करून तिनं सोडून दिलं. ती ढुंगणावर सरकत भिंतीपाशी गेली, पाठ टेकली. दाराच्या फटीतून ऊन आत येत होतं, आणि मग येईनासं झालं.

देवमन आला, त्यानं दार ढकललं आणि तिला पाहिलं. त्यानं काठी कोपऱ्यात ठेवली आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

"कधीची बसली?"

"झाला असन घंटा-दीड घंटा."

"लागलं?"

"नाही. पाहून राह्यली होती, बसता येते का."

"आलं का?"

"बसता आलं. उठता नाही येत."

देवमन हसला. मग तीही हसली.

"बसलीच हायस तं च्या करू का?" त्यानं विचारलं.

त्यानं चहा केला. पाच महिन्यांत पहिल्यांदा दोघं जमिनीवर, एकमेकांच्या खांद्याला खांदा लागेल असे बसून चहा प्याले. ऑपरेशन झाल्यापासून ती प्लास्टिकच्या खुर्चीवर जेवायची आणि तो खाली ताट घेऊन बसायचा. बोलताना त्याला मान वर करावी लागायची. ही गोष्ट तिला रोज टोचत होती, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

चहा झाल्यावर त्यानं तिच्या काखेत हात घातले, पाय रोवले आणि तिला खाटेवर घेतलं. दोघांनाही धाप लागली.

सकाळी गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. आतला सांधा निखळला असणार, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं लेकीला फोन केला आणि फोनवर ती पहिल्यांदा रडली.

बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती. देवमननं तिला एसटीच्या पुढच्या सीटवर बसवलं, पाय लांब करायला जागा मिळावी म्हणून. स्टँडवर प्रियदर्शनी ऑटो करून उभीच होती. तिनं काय झालं ते विचारलं, आईनं सांगितलं. लेकीनं ओठ आवळले.

"आई, मी तुले कितीदा सांगितलं होतं."

"सांगलं होतं."

एवढ्यावर ते थांबलं.

एक्स-रे निघाला. सांधा जागच्या जागी होता, आतलं काही हललं नव्हतं, नुसती सूज होती. डॉक्टरांनी फिल्म लाइटवर धरून तिला दाखवली. तिच्या मांडीचं हाड, नळीचं हाड आणि मध्ये लख्ख पांढरा दिसणारा धातू. बर्फ लावा, गोळ्या घ्या, असं पुन्हा करू नका. मग ते डाव्या गुडघ्याच्या फिल्मकडे वळले. "हा पण गेलेलाच आहे. तुम्ही त्याला वाचवून चालता, त्यामुळे उजव्यालाही त्रास होईल. हिवाळ्यात करून टाकू."

डॉक्टरांनी तिला माधवीकडे पाठवलं. माधवी व्यायाम शिकवणारी. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हिनंच तिला उभं केलं होतं, आणि भागीरथानं तेव्हा तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

"मावशी, सहा महिने होत आले, तर तुमचा फॉर्मही भरून घेते," माधवी म्हणाली. "बारा प्रश्न आहेत. जसं आहे तसं सांगा. रात्री झोपेत दुखतं का?"

"नाही."

"किती वेळ चालू शकता?"

"काल वावरातून घरी आली. तीन किलोमीटर."

"अरे वा. पायऱ्या?"

"चढतो."

"आंघोळ, कपडे, बाजारहाट?"

"सगळं करतो."

"गुडघे टेकून परत उठता येतं का?"

"नाही."

माधवी खुणा करत गेली, मग बेरीज केली. "अठ्ठेचाळीसपैकी बेचाळीस. मावशी, एकदम छान रिझल्ट आहे."

"नापास बी होतात का कोनी?"

"नापास असं नाही. पण शंभरात दहा-पंधरा जणी खूश नसतात."

"मंग मी कोन्यात?"

माधवीनं पेन खाली ठेवलं. "तुम्हीच सांगा."

"दुखत नाही, म्हनून खूश हावो. लय खूश हावो. झोप लागते. पन माहं काम निंदणाचं हाय, बाई. ते गेलं. ते तुह्या कागदावर हाय का कोठी?"

"नाही," माधवी म्हणाली. "पण आम्ही सांगितलं होतं ना मावशी, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही."

"सांगलं होतं. मले वाटलं, जखम भरेतोवर. जसं बाळंतीनीले सांगतात, सव्वा महिना हे खाऊ नोको, ते उचलू नोको. जल्मभराचं हाय, असं कोनं म्हनलं नाही."

खोलीबाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. माधवीनं फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहिलं.

"काय लिवलं?"

"शेतात बसून काम करणाऱ्या बाईला आधीच स्पष्ट सांगावं, असं. कोणी वाचेल की नाही ते मला माहीत नाही."

भागीरथा घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाईबाई आली. ती येणार हे भागीरथाला ठाऊक होतं. प्रियदर्शनीनं उन्हाळ्यात जाईबाईचेही कागद केले होते. तिचे दोन्ही गुडघे भागीरथापेक्षा वाईट, चालताना बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती, एकुलती लेक धारणीकडे दिलेली. जाईबाई एकटी राहायची आणि हातातल्या खुरप्यावर जगायची. भादव्यानंतर केव्हाही ये, असा निरोप अमरावतीहून आला होता.

ती उंबऱ्यावर बसली. बसताना दोन्ही गुडघे कडकड वाजले.

"सांग आता," जाईबाई म्हणाली. "करू का नोको?"

भागीरथानं दोन दिवस याच प्रश्नाचं उत्तर जुळवलं होतं. कर म्हणावं तर पुढच्या पावसाळ्यात ही खाणार काय? नको म्हणावं तर रोज पहाटे भिंतीपलीकडून हिचं कण्हणं ऐकायचं. लोक खोटं बोलून मोकळे होतात तसं आपणही व्हावं, असंही तिला वाटून गेलं होतं.

"दुखणं जाते," ती म्हणाली. "पुरं जाते. मी तुले सांगतो, पयल्या दीड महिन्यात मरण आठवते. मंग जाते. चालशीन, पानी आनशीन, झोपशीन."

"आन्?"

"आन् खाली बसता येत नाही. उकिडवं तं नाहीच. निंदण संपलं. एका दिसाचं नाही, कायमचं."

"दवाखान्यात तं म्हनत होते, व्यायाम केल्यावर—"

"म्या केला व्यायाम. पाह्यलं ना तू वावरात?"

जाईबाईनं उंबऱ्यावर बोट घासलं. तिच्या नखांत काळी माती होती.

"तुले काय," ती म्हणाली. "देवमनभाऊ हायेत. लेक कमावती हाय. तू खुर्चीवर बसून खाशीन."

"मी तसं म्हनलं का?"

"नाही म्हनलं. पन हाय तं तसंच."

ती उठली. उंबऱ्याला एक हात, भिंतीला एक हात, आणि मधे एकदा थांबून. "मी नाही करत," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिनं प्रियदर्शनीला फोन करून यादीतून नाव काढायला सांगितलं. त्यानंतर ती भागीरथाच्या दारी आली नाही. नळावर भेट व्हायची तेव्हा हंड्याचं, पाण्याचं बोलायची. तेवढंच.

विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. भागीरथा पूर्वी पुढच्या सतरंजीवर जाईबाईला लागून बसायची. आता तिच्यासाठी मागं भिंतीशी खुर्ची टाकलेली असायची, दोन म्हाताऱ्यांच्या मधे. वंदनेच्या वेळी सगळे खाली वाकायचे, आणि भागीरथा हात जोडून खुर्चीवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. पहिले काही रविवार तिला फार संकोच झाला. मग सवय झाली. तिथून जाईबाईची पाठ दिसायची. मांडी घालून बसलेली जाईबाई दर थोड्या वेळानं एक पाय लांब करायची, चोळायची, पुन्हा आत घ्यायची.

दिवाळीच्या आधी कापूस फुटला. आता खुशालरावांचा फोन भागीरथाला आला.

"वेचाले तं उभंच राह्या लागते, भागीरथाबाई. येता का?"

ती गेली. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळीत शिरली आणि दुपारपर्यंत तिला कळलं की पाय थकत नाहीत. हात पहिल्यासारखेच चालत होते. उजवीकडून बोंड, डावीकडून बोंड, ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करून परत. पूर्वी या फेऱ्यांतच जीव जायचा. पाचव्या दिवशी ती सगळ्या बायांच्या पुढं होती. तरण्या पोरी हसून म्हणाल्या, भागीमावशीच्या पायाले मोटर बसवली.

जाईबाई सगळ्यांत मागं होती. धुऱ्यावर ओटी रिकामी करायला येताना ती तीनदा थांबायची. भागीरथा तिची वाट पाहत एकदा थांबली, मग परत जाताना तिच्या ओळीत शिरून दोन झाडं वेचली आणि कापूस तिच्याच ओटीत टाकायला गेली.

जाईबाईनं ओटीचं तोंड मुठीत धरलं.

"माह्या पातीले हात लावू नोको."

"तू नव्हता लावला माह्या?"

"म्या तुले कोनी पाहू नये म्हनून लावला. तू सगळ्याईसमोर लावून राह्यली."

भागीरथानं हातातला कापूस आपल्या ओटीत टाकला. त्या दिवशी तिनं मुद्दाम हात हळू चालवला नाही, जोरातही नाही. संध्याकाळी ऑटोत दोघी समोरासमोर बसल्या आणि बाहेर पाहत राहिल्या.

डाव्या गुडघ्याची तारीख जानेवारीत आली. देवमन म्हणाला, करू का नोको ते तूच ठरव. तिनं फार विचार केला नाही. निंदण गेलंच होतं, ते एक गुडघा तसाच ठेवून काही परत येत नव्हतं. वेचणी होती, तूर सोंगून-कापून झाल्यावर गोळा करायची होती, हरभऱ्याची राखण होती. त्याला चालता पाय लागत होता. ती हो म्हणाली.

अडचण सोबतीची होती. बायांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूसच पाहिजे. प्रियदर्शनीला कार्यालयातून आठ दिवस सुट्टी मिळेना. देवमननं बकऱ्या शेजाऱ्यावर सोपवल्या असत्या, पण त्याला आत कोण घेणार? निघायच्या दिवशी सकाळी तो एसटीची वेळ विचारायला बाहेर पडला तर जाईबाई पिशवी घेऊन अंगणात उभी.

"मी जातो हिच्यासंगं," ती म्हणाली. "घरी बसून तरी काय करून राह्यली?"

"वेचणीचे दिस हायेत, जाई," भागीरथा घरातून म्हणाली.

"तुले कोनं विचारलं?"

वॉर्डात खाटेला लागून खाली चटई टाकून जाईबाई राहिली. पेशंटला खाट, सोबतीणीला फरशी. ती चटईवर मांडी घालून डब्यातली पोळी कुस्करायची आणि वर हात करून भागीरथाला भरवायची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माधवी आली आणि तिनं पाय वाकवायला घेतला. भागीरथा चादर दातांत धरून ओरडली. जाईबाईनं तोंड फिरवलं नाही. खाटेचा गज धरून उठली आणि भागीरथाच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली.

"लय दुखते का?" माधवी गेल्यावर तिनं विचारलं.

"लय."

"तू म्हनली होती, मरण आठवते."

"म्हनली होती."

"मले वाटलं वाढवून सांगून राह्यली."

रात्री जाईबाईनं चटईवर तीन-चार वेळा कूस बदलली. प्रत्येक वेळी तिच्या तोंडून ‘माय वं’ निघायचं आणि ती ते अर्ध्यावर गिळायची. भागीरथा वरून ऐकत होती. तिलाही झोप नव्हती.

चौथ्या दिवशी माधवीनं वॉकर दिला. आज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं. वॉकर पुढं, मग नवा पाय, मग जुना नवा पाय. माधवी एका बाजूला चालत होती आणि दुसऱ्या बाजूला, सलाईनची नळी काढलेला तिचा हात सांभाळत, जाईबाई. व्हरांडा लांब होता. बाजूच्या खिडक्यांतून आवारातला कडुलिंब आणि त्याखाली डबे खाणारी माणसं दिसत होती.

मध्यावर आल्यावर हातावरची पकड सुटल्याचं भागीरथाला जाणवलं. तिनं वॉकर टेकवला आणि मान वळवली. जाईबाई चार पावलं मागं राहिली होती. खिडकीच्या गजाला धरून उभी, ओठ मिटलेले, एक पाय जमिनीपासून किंचित उचललेला.

"थांब जरा," जाईबाई म्हणाली.

भागीरथा थांबली. चार दिवसांपूर्वी कापलेल्या पायावर वजन देऊन, वॉकरला धरून ती सरळ उभी राहिली. माधवी दोघींकडे पाहत होती. बोलायला तिनं तोंड उघडलं, पण भागीरथानं मान हलवून तिला गप्प केलं.

जाईबाईनं श्वास घेतला. पाय खाली टेकला. ती लिंबाकडे पाहत होती.

"बाई," ती माधवीला म्हणाली, "मले एक नीट सांगा. केल्यावर मले खाली बसता येईन का?"

माधवीनं भागीरथाकडे पाहिलं, मग जाईबाईकडे. "नाही, मावशी. कधीच नाही."

"व्यायाम केला तरी?"

"तरीही नाही."

जाईबाईनं मान हलवली. मग गज सोडून एक पाऊल पुढं आली, आणखी एक आली, आणि भागीरथाच्या वॉकरचा आडवा दांडा धरला.

"चालता तं येईन, वेचता येईन. मंग माहा बी फोटो काढून घ्या गुडघ्याचा," ती म्हणाली. "कोन्या खोलीत जा लागते?"